आप्पा, उद्या मी तुमचं नाव घेणार आहे

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. मी तळोद्याला परत आलेय, शाळेत रुजू झालेय. आणि उद्या सकाळच्या गाडीने मला नंदुरबारला जायचंय, बाल कल्याण समितीपुढे जबाब द्यायला. तिथे तुमचं नाव घ्यावं लागेल. माझ्या वडिलांनी देवाच्या नावाने माझं औषध बंद केलं होतं आणि मी मरता मरता वाचले, हे परक्या माणसांसमोर मोठ्याने सांगावं लागेल. त्यांना सांगण्याआधी तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले. तुमच्या माघारी बोलले असं नको व्हायला.

काल मठाचे सेवेकरी येऊन गेले. तेच, ज्यांनी तुम्हाला खांदा दिला. चहा घेतला, तुमच्या फोटोला हात जोडले आणि मग हळूच म्हणाले, "गेलेल्या माणसाची बेअब्रू करायला निघालीस, दीपाली? आप्पांचा आत्मा तळमळेल."

तळमळेल का हो? मला खरंच माहीत नाही. म्हणून तर विचारतेय.

गोष्ट अशी आहे. सुनंदा नावाच्या एका बाईच्या सहा वर्षांच्या मुलीला आकडी येते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. घरच्यांनी त्या बंद केल्या, मुलीला मठात न्यायला लागले. का? तर मठात दर बैठकीला सांगतात, की आप्पांच्या मुलीची साखर नुसत्या विश्वासाने गेली, आज ती शाळेत शिकवते! आप्पा, ती मुलगी म्हणजे मी. मी आजही प्रत्येक जेवणाआधी सुई घेते. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मग ही गोष्ट समोर सांगत असताना तुम्ही खाली मान घालून बसून कसे राहायचात? एकदाही उठून का नाही म्हणालात, की खोटं बोलू नका?

हा राग घेऊनच लिहायला बसलेय, लपवत नाही. पण तुमच्याबद्दल नुसतं रागाने लिहिता येत नाही, हीच तर माझी अडचण आहे.

भूषणपासून सुरुवात करायला हवी. माझा धाकटा भाऊ. मला तो अंधुक आठवतो, तुमच्या खांद्यावर बसून केळीच्या बागेत हिंडणारा. तापाने आजारी पडला, शहाद्याहून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलंत, जे म्हणतील ते सगळं केलंत. तो काचेच्या पलीकडे गेला. तुम्हाला आत सोडलं नाही. परत आलात ते त्याला चादरीत गुंडाळून. आई सांगते, त्यानंतर कित्येक महिने तुम्ही झोपला नाहीत, नुसते ओट्यावर बसून असायचात. मग कोणीतरी तुम्हाला तापीकाठच्या त्या मठात नेलं. तिथल्या सतरंजीवर बसल्या बसल्या तुम्हाला झोप लागली म्हणे. ज्या जागी झोप लागली ती जागा तुम्ही कशी सोडणार होतात? हे मला आता कळतं. तेव्हा फक्त इतकंच कळायचं, की दवाखान्याचं नाव काढलं की तुमचा चेहरा दगडासारखा होतो.

तरीही मला साखरेचा आजार निघाला तेव्हा तुम्हीच मला दवाखान्यात घेऊन गेला होतात. विसरलात? मी दहा वर्षांची. नर्सबाईंनी तुम्हाला इन्सुलिनची सुई कशी टोचायची ते शिकवलं. सरावासाठी हातात एक संत्रं दिलं. तुम्ही ते बाजूला ठेवलंत.

"संत्राले दुखस का?" म्हणालात आणि धोतर वर करून रिकामी सुई स्वतःच्या मांडीत खुपसलीत. मग माझ्याकडे बघून हसलात. "काही नही, दिपू. मुंगी चावस तेवढंच."

असा बाप मला मिळाला होता आप्पा. म्हणून पुढचं लिहिताना हात थांबतो.

काही महिन्यांनी माझी साखर खाली यायला लागली. सुई कमी कमी होत गेली, अगदी थेंबभर राहिली. डॉक्टरांनी बजावलं होतं, की या आजारात सुरुवातीला असं होतं, शरीर थोडे दिवस उसना जोर काढतं, फसू नका. आईने ते ऐकलं. तुम्ही ऐकलंत ते मठाच्या महाराजांचं. ते म्हणाले, देव बरं करतोय आणि तुम्ही सुई टोचून त्याच्यावर अविश्वास दाखवताय! त्या दिवशी घरी येऊन तुम्ही सगळ्या सुया उकिरड्यात पुरल्यात. केवढे आनंदात होतात! मला उचलून गरागरा फिरवलंत. मीही हसले. कोणाला नको असतं हो सुईपासून सुटका?

थोडे दिवस सगळं बरं चाललं. नंतर तहान सुरू झाली.

"आप्पा, माले तीस लागनी," मी म्हणायचे. तुम्ही तांब्या भरून द्यायचात. तो संपला की दुसरा. मग उलट्या. मग श्वास असा लागला, की पळून आल्यासारख्या धापा टाकत होते, आणि मी तर खाटेवर पडून होते. तुम्ही माझ्या उशाशी बसून डोळे मिटून नाम घेत होतात. भर दुपार होती. बाहेर कापूस वेचणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. आईने माझ्या तोंडाजवळ नाक आणलं, पिकलेल्या फळासारखा वास आला. असा वास आला तर एक क्षणही थांबू नका, असं डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं. तिने मला खाटेवरून उचललं.

तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात.

"थोडं थांब. जप पुरा व्हऊ दे."

"पोर मरी ऱ्हायनी! बाजूले व्हा!"

तुम्ही हात उगारला नाहीत, ओरडला नाहीत. हात जोडलेत. आपल्याच बायकोपुढे हात जोडून उभे राहिलात, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उगारलेल्या हाताला आईने उत्तर दिलं असतं हो, पण जोडलेल्या हातांना काय देणार? क्षणभर ती थांबली. तो क्षण मला अजून भिववतो. तेवढ्यात आई हरली असती तर मी आज नसते.

आई सांगते, तिने तुम्हाला खांद्याने ढकललं. मला मात्र आठवतं, की तुमचा पाय आधी मागे सरला होता. माझी शुद्ध हरपत चालली होती, माझी साक्ष कोण धरेल? पण मला तसं आठवतं. तुम्ही बाजूला झालात ना आप्पा? हे विचारायचं राहूनच गेलं.

नंतरचं तुम्ही जवळून पाहिलं नाहीत. शेजारच्यांची जीप, शहादा, तिथून नंदुरबार. मी डोळे उघडले तेव्हा आई उशाशी होती, आणि तळोद्याचा मामा. डॉक्टरांनी समितीला कळवलं होतं. आई मला घेऊन थेट माहेरी गेली. मग तिने कोर्टात अर्ज केला, की मुलीचा ताबा माझ्याकडे असावा. तुम्हीही केलात, की आई मुलीला बापाच्या धर्मापासून तोडतेय.

सगळं गाव दोन भागांत वाटलं गेलं. आईला लोक तोंडावर म्हणायचे, नवऱ्याला कोर्टात ओढणारी बाई! तिने कोणाला उत्तर दिलं नाही. तारखेच्या दिवशी माझी वेणी घालायची, माझ्या डब्यात भाकरी आणि पिशवीत सुई ठेवायची आणि निघायची.

कोर्टातला तुमचा आवाज मला आठवतो. तुमचे वकील कायद्यातलं काहीबाही बोलत होते, बाप हा नैसर्गिक पालक, श्रद्धेचं स्वातंत्र्य. तुम्ही त्यांना मधेच थांबवलंत. उभे राहून न्यायाधीश बाईंना म्हणालात, "मॅडम, मी पोर देवाच्या हवाली केली. म्हणजे मी तिला टाकली का?"

बाई म्हणाल्या, "टाकली नाही, हे मला दिसतंय. म्हणून तर हा निकाल अवघड आहे."

मग त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. आई नाही, तुम्ही नाही, वकील नाहीत. फक्त त्या आणि मी. त्या खोलीत काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

"आप्पा आवडतात तुला?"

"हो."

"आणि सुई?"

"नाही."

"मग सुई का घ्यायची?"

"नाही घेतली तर तहान लागते. मग आप्पा डोळे मिटून बसतात. डोळे मिटले की त्यांना मी दिसत नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुला कुठे राहायचंय?"

"आप्पांकडे," मी म्हणाले. "पण सुई घेऊन."

ऐकलंत? मी तुमच्या विरुद्ध बोलले नव्हते. इतकी वर्षं तुम्हाला वाटत असेल, की पोरीनेच घात केला. मला तुम्हीही हवे होतात आणि जीवही हवा होता. दोन्ही मागणं हा काही गुन्हा होता का?

निकाल आईच्या बाजूने लागला. उपचाराचं सगळं आई ठरवेल. एकाआड एक रविवारी आप्पांनी मुलीला भेटावं, देवळात न्यावं, हवी ती प्रार्थना शिकवावी, कोणी अडवायचं नाही. पण सुई चुकवायची नाही. बाई तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "मोठी झाली की तिचं ती ठरवेल. सुई सोडायची की देव सोडायचा, की दोन्ही धरायचं. पण ठरवण्याइतकी ती मोठी व्हायला तर हवी." तुम्ही मान हलवलीत. होकाराची होती की हरल्याची, कळलं नाही.

रविवारी तुम्ही यायचात. धुतलेलं धोतर, पिशवीत आपल्या बागेतली केळी. आईने दार उघडलं की खाली मान घालून विचारायचात, "पोर शे का घरमा?" जसं काही मी दुसरीकडे कुठे असणार होते! आपण देवळात जायचो. तुम्ही मला ओव्या शिकवल्यात, शेतातल्या पाखरांची नावं शिकवलीत. जेवायची वेळ झाली आणि मी सुई काढली की मात्र तुम्ही उठून बाहेर जायचात. दरवेळी. मी बारा वर्षांची होते, तेरा, चौदा. मला वाटायचं, आप्पांना माझी किळस येते. एवढं तरी सांगायचं होतंत, की तसं नाही म्हणून. की तुम्हाला ते बघवत नाही, की तुम्हाला अजून भूषण दिसतो. काहीही सांगितलं असतंत तरी मी मानलं असतं.

"चुकलो" असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मी वाट पाहिली. दहावी झाले तेव्हा, नोकरी लागली तेव्हा. नाहीच म्हणालात.

आणि मग तुमची स्वतःची पाळी आली.

मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल, मग काही वर्षं सहज काढतील. तुम्ही नाही म्हणालात. मामा चवताळला. "चार माणसं लावून उचलून नेऊ. कोर्टातून ऑर्डर आणू. तुझ्या वेळी आणली होती की!"

मी गेले आप्पा, आईच्याच त्या जुन्या वकिलांकडे. विचारलं, वडिलांना जबरदस्तीने उपचार देता येतील का? त्यांनी एवढंच विचारलं, "शुद्धीत आहेत? काय होणार ते त्यांना कळतंय?" मी हो म्हणाले. "मग नाही," ते म्हणाले. "तू लहान होतीस. ते मोठे आहेत." पायऱ्या उतरताना मला रडू फुटलं. ज्या कायद्याने मला तुमच्या हातातून काढून वाचवलं, तोच आता माझा हात धरून म्हणत होता, थांब, इथे तुझं चालणार नाही.

मी शाळेतून रजा काढून गावी आले. तुमच्या खाटेपाशी बसून अक्षरशः भीक मागितली. माझ्यासाठी चला, एकदा चला.

"माले दवाखानामा लई जाऊ नको, दिपू," तुम्ही म्हणालात. आणि मग, "तू लहान व्हती तरी तुले इचारं ना त्या बाईनी? मंग माले बी इचार."

मी डोळे पुसले आणि विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय हवं?"

"घर."

तुम्हाला घरीच ठेवलं. तुमच्या श्रद्धेपुढे मी तेव्हा हात टेकले, कारण शरीर तुमचं होतं. मामा अजून माझ्याशी बोलत नाही.

त्या दिवसांत एकदा दुपारी मी जेवायला उठले आणि सवयीने सुई घेऊन आतल्या खोलीकडे निघाले. तुम्ही हाक मारलीत.

"अठेच ले. तठे कसाले जास?"

मी तिथेच बसले, तुमच्या खाटेच्या कडेला. तुम्ही डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलंत. झाल्यावर बोटाने टोचलेल्या जागी चोळलंत. मी तेव्हाही विचारलं, "आप्पा, हिनेच वाचले ना मी?"

"देवनी दयानं वाचनी तू."

मला संताप आला. "सुईने, आप्पा!"

तुम्ही माझ्या हातातल्या सुईकडे पाहिलंत. मग म्हणालात, "ती बी देवनीच दिधी व्हई."

एवढ्यावरच आपलं मिटलं. तुमच्या बाजूने ते पुष्कळ होतं, हे मला माहीत आहे. मला ते कमीच वाटलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. आई आली होती. बोलली नाही, पण शेवटचं पाणी तिनेच पाजलं.

तेराव्याला पंगत उठल्यावर सुनंदा मला शोधत मागच्या अंगणात आली. मी तिला ओळखत नव्हते. कडेवर ती मुलगी, अंगात त्राण नसलेली, कपाळावर पडल्याची ताजी खूण. सुनंदाने इकडेतिकडे पाहिलं. तिचा नवरा मठाच्या लोकांत बसला होता. तिने भरभर सांगितलं. गोळ्या बंद, आकड्या वाढलेल्या, सासरच्यांचा हट्ट.

"मला का सांगतेस?" मी विचारलं. "मठात तर सांगतात, की मी विश्वासाने बरी झाले."

ती म्हणाली, "ताई, तुम्ही सुई लेतस ना? आप्पानी माले सांगं."

मी तिला भिंतीआड नेलं, आप्पा.

तिने सगळं सांगितलं. तुम्ही अंथरुणाला खिळण्याआधीची ती शेवटची बैठक. सेवेकऱ्यांनी पुन्हा माझी गोष्ट सांगितली, लोकांनी जयजयकार केला. तुम्ही नेहमीसारखे गप्प. नंतर मोरीवर सुनंदा महाप्रसादाची भांडी घासत होती. सुजलेले पाय ओढत तुम्ही तिथे आलात, तिच्यासमोर वाकलात आणि हळू आवाजात म्हणालात, "मन्ही आंडेर, मन्ही दिपू, सुई लेस. रोज लेस. तुन्ही पोरनी गोळी बंद करू नको. मन्ह्या दिपूकडे जाय."

एवढं बोलून निघून गेलात. सगळ्यांसमोर नाही, मोरीवर. ज्यांच्यात तुम्हाला झोप लागली त्यांच्यासमोर उठून बोलण्याची ताकद तुमच्यात नव्हती. पण एका आईला तुम्ही माझा पत्ता दिलात. मला जे कधी दिलं नाहीत ते तिला दिलंत, आणि मला ते तिच्या तोंडून ऐकावं लागलं! तुमच्यावर रागवायचं की तुमचे पाय धरायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही करावंसं वाटतं.

सुनंदा गेल्या आठवड्यात मुलीला घेऊन घरातून बाहेर पडली. सध्या माझ्याकडे आहे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. तिच्या नवऱ्याने पोलिसांत तक्रार दिलीय, की बायकोने मुलगी पळवली; म्हणून प्रकरण समितीपुढे गेलंय. काल रात्री घरापुढून एक मोटरसायकल दोनदा हॉर्न वाजवत गेली. आईने आतून कडी घातली, वर खाटही लावली. आम्ही तिघी बायका आणि ती लहान मुलगी. उद्या समिती काय ठरवेल, माहीत नाही. नवरा म्हणेल, माझी श्रद्धा. मठ म्हणेल, आमची बदनामी. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू?

पण मी जाणार आहे. सेवेकऱ्यांना काल तेच सांगितलं. आणि तुम्हाला शब्द देते, आप्पा. उद्या तुमच्याबद्दल एकही गोष्ट वाढवून सांगणार नाही आणि एकही झाकणार नाही. दारात उभे राहिलात, ते सांगेन. मोरीवर जे बोललात, तेही सांगेन. मठात जे तुमच्याच्याने झालं नाही ते मी तुमच्या वतीने करीन. उठून उभी राहीन, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलेन.

तुमचीच,
दिपू